दम तुटलेल्या समुद्राची रेघ

"या खाडीतला एकेक दगड मला नावानिशी ओळखतो!" इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून हाल्वोर गरजला. "डोळे बांध माझे, टोर्गुन! तरी तुला म्योर्कबुक्ताच्या वाळूवर अल्लद उतरवीन!"

डोळे बांधायची वेळच आली नाही. सातव्या मिनिटाला बोटीच्या पोटाखालून खर्रर्र आवाज आला. बोट तिरकी झाली, पेडरच्या मांडीतला थर्मास थेट समुद्रात गेला आणि इंजिनाच्या पंख्याचं एक पातं त्याच्या मागोमाग गेलं.

हाल्वोरनं वाकून पाण्यात पाहिलं.

"हा नवीन दिसतोय," तो म्हणाला.

पुढचे सहा तास बोट लंगडत चालली होती.  टोर्गुन समोरचा काळा कडा जवळ येताना बघत होती.

टोर्गुन ओस्हाइमला बासष्ट पूर्ण झाली होती. ट्रोम्सोच्या विद्यापीठातली तिची खोली सप्टेंबरात दुसऱ्या कुणाला मिळणार होती. उत्तर ध्रुवाजवळच्या या स्वालबार्ड बेटांवर यायची ही तिची शेवटची खेप. आणि या खेपेत तिला एकच गोष्ट हवी होती: पावाच्या लादीएवढा एक दगड.

त्या कड्यात चोवीस कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ थरावर थर रचून ठेवला आहे. खालच्या थरात भिंगाखाली पाहिलं तर नुसती जत्रा! पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, प्लवंगांचे, नाना आकार: काटेरी, तारेसारखे, घंटेसारखे. मग बोटभर जाडीची एक राखी रेघ. आणि रेघेच्या वर सगळं चिडीचूप. काटे नाहीत, तारे नाहीत. फक्त एकाच जातीच्या शैवालाचे जाड सालीचे गोल कोश, लाखोंनी. समुद्रातला प्राणवायू संपला, की बाकीचे मरतात आणि हे फोफावतात. ती रेघ म्हणजे समुद्राचा दम तुटला ती जागा.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी ती रेघ टोर्गुनला आणि ऐविनला मिळून सापडली होती. लग्न त्याच हिवाळ्यात झालं. "सगळे पाहुणे उठून गेले तरी हे गोलू बसूनच आहेत," ऐविन भिंगातून डोळा न काढता म्हणाला होता, "यजमानांना कसं सांगणार, आता आवरा!" त्यांनी फोडलेला दगड परतीच्या वादळात समुद्राला मिळाला. पुढच्या वर्षी नक्की आणू, म्हणत म्हणत ऐविनही गेला. त्याला आता चार वर्षं झाली होती. घरात एका पाहुणीनं बसून राहायचं म्हणजे काय, ते टोर्गुनला आता नीटच कळलं होतं.

किनाऱ्यावरच्या फळ्यांच्या झोपडीत तिघांनी सामान टाकलं. पेडर ल्योसलँड हा टोर्गुनचा एकेकाळचा विद्यार्थी, आता प्रयोगशाळेचा प्रमुख. माणूस इतका टापटिपीचा, की त्याच्या डब्यात पावाच्या प्रत्येक कापामध्ये कागद आणि प्रत्येक डब्यावर वार लिहिलेला. हाल्वोर बोटीचा नावाडी आणि रायफल सांभाळणारा पहारेकरी, दोन्ही एकच.

कड्यावर जाताना समुद्री पाखरांनी हल्ला केला. डोक्यावर काठी उंच धरली, की ती काठीला चोच मारतात, डोक्याला नाही, हे हाल्वोरनं समजावून सांगितलं. सांगताना काठी खाली आली. पुढचा तासभर तो टोपीवर भांडं घालून चालत होता.

पण रेघ होती! टोर्गुननं हाताच्या मागच्या बाजूनं चिखल पुसला आणि ती दिसली. राखी, बारीक, जशीच्या तशी!

वरून दगड सुटत होते. एक धडाम करून हाल्वोरच्या पायाशी फुटला. "उरक गं बाई!" तो ओरडला. "कडा खाली येतोय!" छिन्नी, हातोडी, ठाक! ठाक! लादीएवढा तुकडा सुटून तिच्या कुशीत आला आणि तिघं पळत सुटली. मागं वळून पाहिलं, तर रेघेच्या जागी ढिगारा होता. आता त्या रेघेचा तेवढाच एक तुकडा हाताशी उरला होता.

संध्याकाळी हाल्वोरनं तिच्या दुसऱ्या दोन नमुन्यांपैकी एकावर अक्रोड फोडले आणि दुसरा दाराला अडसर म्हणून लावला. टोर्गुननं ते पाहिलं. दोघं झोपल्यावर तिनं रेघेचा दगड वर्तमानपत्रात गुंडाळला आणि हाल्वोरचा हात कधीच जाणार नाही अशी जागा शोधली. झोपडीतली लोखंडी शेगडी. सरपण भिजलेलं होतं, स्वयंपाक गॅसवर चालला होता, शेगडी परवा सकाळी निघेपर्यंत कुणी उघडणार नव्हतं. तिनं आतल्या काटक्या काढून कोपऱ्यात ठेवल्या, दगड आत ठेवला आणि दार लावलं. मग बऱ्याच वर्षांनी तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडचे लहान नमुने घेऊन तिघं परत येत होती. हिमनदीतून आलेलं ते पाणी दुधासारखं पांढरं, त्यामुळे तळ दिसत नाही. पेडर मधोमध थांबला. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती, आणि ती तो बांधायला वाकला!

"अरे गाढवा, पाण्यात?" हाल्वोर किंचाळला.

पेडर दिसेनासा झाला. एक हात वर आला. पुन्हा गेला. हाल्वोरनं रायफल टोर्गुनकडे फेकली आणि उडी घेतली. वीस पावलांवर त्यानं पेडरची कॉलर धरली आणि त्याला पोत्यासारखा काठावर ओढला. पेडरचे ओठ निळे पडले होते. तो कुडकुडत नव्हता, आणि तेच वाईट होतं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर काहीतरी पिवळट हललं.

अस्वल!

"मी याला घेऊन पळतो," हाल्वोर धापा टाकत म्हणाला. "तू उलटी चालत ये. नजर त्याच्यावर. आधी आकाशात बार काढ, त्याच्यावर अगदी शेवटी."

टोर्गुननं बार काढला. अस्वल दचकलं, दोन पावलं मागं गेलं, आणि पेडरची पाठपिशवी वाहत येऊन अडकली होती तिथं जाऊन बसलं. त्यानं शुक्रवारचा डबा उघडला. तपकिरी चीजचे काप खाल्ले. मधले कागद तेवढे बाजूला काढून ठेवले. मग शनिवारचा उघडला.

शनिवार संपेपर्यंत टोर्गुन उलटी चालत झोपडीजवळ पोचली होती. वळून बघते तर धुराड्यातून धूर! पेटवली बरं का शेगडी, तिला वाटलं. वाचला पेडर!

आणि मग तिला वास आला.

घासलेटाचा, ओल्या शिंपल्यांचा, जुन्या डांबराचा. ती दारातच थांबली.

स्वालबार्डच्या झोपडीतून निघणारा माणूस शेगडी रचून जातो, म्हणजे गारठून येणाऱ्याला फक्त एक काडी ओढावी लागते. आणि गारठून येणारा कधी आत बघत नाही. हाल्वोरनं पन्नास वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. त्यानं वर्तमानपत्राचा कोपरा पाहिला, पेला भरून घासलेट मारलं आणि काडी ओढली.

"कुणी रचून ठेवली होती देव जाणे," तो पेडरचे पाय चोळत म्हणाला, "पण कोळसा भारी आहे गं! धूर करतो, पण काय ऊब!"

टोर्गुननं शेगडीचं दार उघडलं. दगड पाना-पानांनी सुटत होता आणि प्रत्येक पानातून पिवळी ज्योत येत होती. रेघेच्या वरचा भाग जोरात जळत होता. गोलूंमध्ये तेल फार! खालचा अर्धा अजून शाबूत होता. रेघही होती. चिमटा भिंतीला टांगलेला होता. तिनं तो घेतला.

"काय करतेस?" हाल्वोर म्हणाला.

तिनं पेडरकडे पाहिलं. तो आत्ता कुठं कुडकुडायला लागला होता. दात वाजत होते. कोपऱ्यातल्या काटक्या जेमतेम पेट घेण्यापुरत्या होत्या, बाकीचं सरपण ओलं होतं.

"टोर्गुन," पेडर अडखळत म्हणाला, "तुमची रायफल... दाराबाहेर... ठेवायची असते..."

तिनं चिमट्यानं खालचा तुकडा जाळाच्या मधोमध लोटला आणि दार लावून घेतलं.

हाल्वोर तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग शेगडीकडे. मग कोपऱ्यातल्या काटक्यांकडे.

"तो दगड का गं?"

"तोच."

"अरे देवा! चोवीस कोटी वर्षं..."

"एका काडीत," टोर्गुन म्हणाली. "तू रेकॉर्ड केलंस."

"मला मार. खरंच मार. ती रायफल आण."

"ती दाराबाहेर ठेवायची असते म्हणे."

ती शेगडीशी बसली. तो वास आता सगळ्या झोपडीत भरला होता. त्या उन्हाळ्यात दगड फोडून फोडून ऐविनच्या निळ्या स्वेटरला हाच वास लागला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं तो धुतला, आणि वास गेला तो गेलाच. दगड आठवत राहिली एकोणचाळीस वर्षं, आणि या वासाची आठवणच नव्हती! तिनं डोळे मिटले. तासभर तरी ऐविन तिच्या शेजारी बसला होता. मग जाळ उतरला, आणि वासही पातळ होत गेला. आणखी थोडा वेळ राहा, असं ती मनात म्हणाली. तो राहिला नाही.

झोपडीच्या नोंदवहीत लिहून जायचा नियम आहे. पेडरला बसवत होतं, त्यामुळे त्यानं पट्टीनं रेघा आखून लिहिलं: माणसं तीन, वारा उत्तरेचा, अस्वल एक. "इंधन काय वापरलं" या रकान्यापाशी तो अडला आणि त्यानं पेन टोर्गुनकडे दिलं.

"समुद्र," तिनं लिहिलं, आणि वही मिटली.

सकाळी निघताना तिनं स्वतः शेगडी रचली. तिघंही सामान घेऊन किनाऱ्यावर आली. बोटीचा दोर खुंटाला व्यवस्थित बांधलेला होता, हाल्वोरनं दोन गाठी मारल्या होत्या. दोराच्या दुसऱ्या टोकाला काहीच बांधलेलं नव्हतं.