एक्केचाळीस टनांची तूट

मंदाने एक्केचाळीस टन वाळू चोरली असती, तर तिच्या पदरात काय पडलं असतं, याचा हिशेब अहल्याबाईंनी चहा गाळता गाळताच मांडला. दारापुढच्या ओट्याला अर्धा टन. न्हाणीच्या डागडुजीला फार तर आणखी अर्धा. उरलेल्या चाळीस टनांखाली तिचं घर, शेजारणीचं घर आणि मधली गल्ली, तिन्ही गाडली गेली असती.

"म्हणजे तिने चोरली नाही," माधवराव म्हणाले.

"म्हणजे तिने ती कुठे ठेवली, हे सांगणारा अजून भेटला नाही. घाई नका करू, भावजी."

बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात भांडार तपासण्यात अहल्याबाईंची तीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी खासगी तपासाचा उद्योग काढला. माधवराव त्यांचे धाकटे दीर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. उद्योगातली स्कूटर त्यांची, पेट्रोल त्यांचं, आणि चुकीचे अंदाजही बहुतेक त्यांचेच.

समोर बसलेली मोहना मात्र चहाला हात लावत नव्हती. नंदेसरीच्या अलीकडे धनाजीरावांचा पेव्हर ब्लॉकचा कारखाना होता. तिथला एकेक ब्लॉक तयार होताना पर्यावरणावर किती भार पडतो, हे मोजायचं काम तिच्याकडे होतं. सिमेंट, वाळू, खडी, वीज, डिझेल, पाणी, सगळं.

"आत आलेलं आणि बाहेर पडलेलं जुळायला हवं, काकू. एप्रिलमध्ये चारशे ऐंशी टन वाळू आत आली. ब्लॉक, तुकडे, शिल्लक ढीग, सगळं मोजलं, तर एक्केचाळीस टन कमी. मी तसं लिहिलं आणि धनाजीरावांनी साच्यांवर काम करणाऱ्या मंदाला धरलं. का, तर तिने नवा ओटा बांधलाय! आज संध्याकाळी तिला आणि तिच्या टोळीतल्या दहा बायकांना काढणार आहेत." तिचा आवाज खाली आला. "माझ्या आकड्याने त्यांचं काम जातंय."

"बाकीचे आकडे कसे आहेत?"

"उत्तम! मिक्सरचं पाणी तर बघा. मार्चमध्ये त्रेसष्ट हजार लिटर लागलं, एप्रिलमध्ये बावीस हजार. तेवढेच घाणे, तेवढंच सिमेंट. सुपरवायझर सलीलने काँक्रीटमध्ये पाणी कमी लागावं म्हणून नवं औषध घालायला सुरुवात केली. अहवालात मी त्याचं नाव घेऊन कौतुक केलंय."

अहल्याबाईंनी दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि खाली रेघ ओढली. "भावजी, स्कूटर काढा."

मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलं होतं. कारखान्याच्या फाटकाशी वजनकाटा होता. त्याच्या कडेला लुसलुशीत गवत पाहून माधवरावांना रंगाची पेटी आठवली.

"वहिनी, सगळं बडोदं करपलंय आणि इथे बघा कसा पोपटी!"

"आज पहिल्यांदाच काही कामाचं बोललात," म्हणत त्या आत गेल्या.

धनाजीराव पंख्याखाली बसले होते. राहायला गोत्रीला, कारखान्यात फक्त शनिवारी. "या, अहल्याताई. शोधण्यासारखं काही नाही हो. हे ब्लॉक महापालिकेच्या बागेत जायचेत. अहवालात खोट राहिली की काम गेलं. चोर काढला की खोट गेली!"

"मंदाचा ओटा पाहिलात?"

"सलीलने पाहिलाय. म्हणाला, झकास आहे."

बाहेर वाळूवाले गजेंद्रभाई ट्रकला टेकून उभे होते. "जुओ बेन, माझी गाडी काट्यावर चढते, चिठ्ठी निघते, मी छूटा! पुढे आत काय होतं ते शेठ जाणे."

"वाळू भिजलेली दिसते."

"एटले धूळ उडू नये ने! पर्यावरणवाल्या बेननीच लिहून दिलंय."

मोहना म्हणाली, "हो, मार्चच्या पहिल्या भेटीत मीच सुचवलं होतं. वाळूच्या ढिगावर पाणी मारत जा म्हणून."

अहल्याबाईंनी आवारातल्या ढिगाकडे पाहिलं. तिथे नळ नव्हता. नळी होती ती फाटकाबाहेर, काट्याच्या अलीकडे.

सलील भांडारात भेटला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात मॅडम मॅडम. सगळ्या नोंदी त्याच्याच हातच्या. वाळूच्या ओलाव्याचाही एक रकाना होता आणि महिनाभर रोज त्यात 'दोन टक्के' लिहिलेलं होतं.

"आणि ते औषध?"

"तो ड्रम, मॅडम. मार्चअखेर एकच आणला. रोज थोडं थोडं घालतो, म्हणून तर पाणी वाचलं."

माधवराव ड्रमवर टेकायच्या विचारात होते. तो जरा पंख्याखाली ओढावा म्हणून त्यांनी जोर लावला. ड्रम हलला नाही, त्यांची कंबर मात्र हलली.

"अहो, शाळेतलं बाक आहे का ते!" अहल्याबाई म्हणाल्या. नजर मात्र त्यांची ड्रमच्या झाकणावर होती.

मंदा साच्यांपाशी होती. चाळिशीची, काटक, हात कोपरापर्यंत सिमेंटने पांढरे झालेले.

"शेटनी चोर म्हनलं ना? मग आता काय इचारायचं राह्यलं?"

"ओट्याला वाळू कुठून आणलीस?"

"चार घमेली, इकत! बाकी सगळा तुटक्या ब्लॉकांचा हाय. दिवाळीला शेटनीच तर दिले, घिऊन जा म्हणून."

धनाजीराव मागेच उभे होते. त्यांना एकदम खोकला आला.

"कामात काही फरक पडलाय का गं?" अहल्याबाईंनी विचारलं.

"पडलाय की. घाणे तेवढेच घालतो, पन गेला महिनाभर साचे कमी भरत्यात. आन् मिक्सरवाला पाण्याचा नळ सोडतो न् लगीच बंद करतो."

"बरं. चहाच्या शेगडीवरची कढई आण. आणि तराजू."

सगळे काट्यापाशी जमले. गजेंद्रभाईंच्या ट्रकमधून अहल्याबाईंनी बरोबर एक किलो वाळू तोलून घेतली आणि कढईत टाकली. मंदा ती उलथन्याने परतू लागली. वाफ निघाली.

"वहिनी, वाळूचा शिरा करताय?" माधवराव कुजबुजले.

"खाणारा वेगळाच आहे, भावजी."

वाफ थांबल्यावर वाळू पुन्हा तराजूत गेली. भरली आठशे पंच्याण्णव ग्रॅम.

"मोहना, किलोमागे किती पाणी होतं?"

"एकशे पाच ग्रॅम. साडेदहा टक्के." मोहनाचा चेहरा उतरला. "नोंदीत तर दोन आहे."

"वरचे साडेआठ टक्के चारशे ऐंशी टनांवर लाव."

मोहनाने मोबाइलवर आकडे दाबले. "एक्केचाळीस टन. जवळजवळ बरोबर!"

"आता तुझं वाचलेलं पाणी. त्रेसष्टातून बावीस गेले?"

"एक्केचाळीस हजार लिटर," मोहना पुटपुटली. "म्हणजे एक्केचाळीस टनच!"

"वाळू कुणी नेलीच नाही. ती आलीच नव्हती. तिच्या जागी पाणी आलं, काट्यावर चढलं आणि वाळू म्हणून नोंदलं गेलं. तेच पाणी मिक्सरमध्ये उतरायचं, म्हणून मिक्सरवाला नळ बंद करायचा. घाण्यात खरी वाळू कमी, म्हणून साचे कमी भरायचे. सिमेंट मात्र पूर्वीएवढंच. म्हणजे एकेका ब्लॉकमागे सिमेंट जास्त जात होतं. पर्यावरणावर सगळ्यात जड पडतं ते तेच ना, मोहना?"

मोहनाने मान हलवली.

"पण ही तर गजेंद्रभाईंची लबाडी झाली," धनाजीराव म्हणाले.

"एकट्या गजेंद्रभाईंना ती जमली नसती. ओलावा खरा लिहिला असता, तर पहिल्याच दिवशी वजनातून वजा झाला असता. तो रकाना सलीलचा. ढिगाची नळी काट्याच्या अलीकडे बसवून घेणारा कोण? ते गवत महिनाभर भिजतंय. आणि मिक्सरचं पाणी कमी का लागतं, हे कुणीतरी विचारणार, म्हणून औषधाची गोष्ट. भावजी, ड्रम का हलला नाही?"

माधवरावांनी कंबर धरली. "भरलेला होता!"

"महिनाभर रोज वापरून काठोकाठ. झाकणाचं सीलसुद्धा जागचं हललेलं नाही."

सलीलने गजेंद्रभाईंकडे पाहिलं. गजेंद्रभाई लगबगीने म्हणाले, "मी ना पाडत होतो, नको म्हणत होतो, बेन! अर्धा भाग त्याला जायचा. मंदाचं नाव पण एणेच काढलं."

सलीलने काट्याच्या खोलीची किल्ली खिशातून काढून तराजूशेजारी ठेवली.

धनाजीराव मंदाकडे वळले. "चुकलो. तुटके ब्लॉक मीच दिले होते, आणि मीच विसरलो."

"दहा जनींम्होरं बोलला होता चोर," मंदा म्हणाली. "हे पन त्येंच्याम्होरं बोला."

ते बोलले. साचे थांबले, मिक्सर थांबला, आणि अकरा बायकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"ओलाव्याचा रकाना यापुढे कोण भरणार?" मोहनाने विचारलं.

मंदाने ट्रकमधली मूठभर वाळू दाबली आणि मूठ उघडली. गोळा तसाच राहिला. "ह्याला कढई कशापायी? हातालाच कळतंय. आकडा तेवढा लिहायला शिकवा."

महिनाभराने मोहनाचा सुधारलेला अहवाल आला, तो पाहायला दीर-भावजय पुन्हा कारखान्यात गेले. ब्लॉकमागचं सिमेंट उतरलं होतं, त्यामागचा धूरही, आणि बागेचं काम कारखान्याकडेच राहिलं होतं. ओलाव्याच्या रकान्यात रोज वेगळा आकडा होता, मोठ्या, वळणदार, नव्याने शिकलेल्या अक्षरात.

प्रतापनगरला परतताना अहल्याबाईंनी हिशेब बंद केला. गजेंद्रभाईंनी भरून दिली एक्केचाळीस टन कोरडी वाळू. सलीलने सुपरवायझरची खुर्ची. धनाजीरावांनी दहा जणींसमोरची माफी. मोहनाने स्वतः लिहिलेलं कौतुक स्वतःच्या हाताने खोडलं, तेही भरणंच. मंदाच्या नावावर देणं निघालं नाही, कारण तिने घेतलंच नव्हतं काही.

"आणि मी?" माधवरावांनी विचारलं.

"तुमची कंबर जमेला धरलीय," त्या म्हणाल्या आणि शेवउसळीच्या गाडीकडे बोट दाखवलं. "दोन प्लेट सांगा. पैसे तुमचे."