उरलेले तुकडे

"ताई, एवढं मांडीवर धरता का जरा? जपून... जीव हाय त्यात."

सुमेधाने खिडकीतून नजर आत वळवली. अंबडहून जालन्याला निघालेली एसटी खच्चून भरली होती. समोर दांडीला धरून एक उंच, सावळा तरुण उभा होता. शर्टावर श्रावणातल्या भुरभुरीचे थेंब, हातात थर्माकोलचा डबा. तिने डबा घेतला तसा झाकणाच्या फटीतून मोसंबीच्या पानांचा हिरवा, किंचित कडवट वास आला.

"जीव कोणाचा?"

"झाडाचा. पानं हायेत, तपासायला चाललो."

तिने झाकण जरासं उचलून पाहिलं. "ओल्या प्लास्टिकमध्ये भरलीत?"

"मंग? सुकू नयेत म्हणून."

"सुकायची नाहीत, कुजतील. आधी कागदात गुंडाळायची, मग पिशवीत घालायची."

"तुम्हाला लई माहिती दिसती!"

"थोडीफार," ती म्हणाली आणि हसू लपवायला पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

तासाभराने तो डबा जालन्यातल्या एका प्रयोगशाळेच्या टेबलावर होता, आणि आतून पांढरा ॲप्रन घालून आली ती सुमेधाच. तो चटकन उठून उभा राहिला.

"नमस्कार... मॅडम."

"बसमध्ये ताई होते ना मी?"

"ते गर्दीत होतं." तो खाली बघून हसला. "इथं कुठं गर्दी हाय?"

त्याचं नाव राजानंद. अंबडजवळ त्याची नवी रोपवाटिका होती. वडिलांच्या शेतात एक जुनं, गोड फळाचं मोसंबीचं झाड होतं. त्याच्याच फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, काढून, दुसऱ्या रोपांच्या खुंटावर भरून त्याने तीन हजार रोपं तयार केली होती. आयुष्यातली पहिली. झाड अस्सल मोसंबीचं आहे असा कागद हवा, एवढंच त्याचं काम.

"पण मॅडम, कॉम्प्युटरला पानातलं कळतं कसं?"

सुमेधाला असे प्रश्न फार आवडत. तिने खुर्ची पुढे ओढली.

"समजा, एकच लग्नपत्रिका शंभर घरांत गेली. घराघरातल्या पोरांनी ती फाडली, प्रत्येकाने वेगळ्या जागी. आता सगळे तुकडे एका ढिगात. काय लिहिलं होतं ते कसं कळणार?"

राजानंदने डोकं खाजवलं. "एकाचा शेवट दुसऱ्याच्या मधे सापडंल. तसं लावत जायचं."

"शाब्बास! पानातला डीएनए मशीन असाच तुकड्यातुकड्यांनी वाचतं. कोट्यवधी तुकडे. आणि मोसंबीची एक धड पत्रिका आपल्याकडे आधीच आहे. सॉफ्टवेअर एकेक तुकडा तिच्यावर ठेवून बघतं, कुठे बसतो ते."

"आन् जे कुठंच बसत न्हाईत?"

"ते वेगळ्या फाइलमध्ये जातात. धूळ, बुरशी, काहीबाही... सहसा कुणी बघत नाही."

"बिचारे," तो म्हणाला. "ते बी कोणाच्या तरी पत्रिकेतले असतीलच ना?"

ती हसली. पण ते वाक्य तिच्या मनात कुठेतरी राहून गेलं.

त्यानंतर राजानंदला जालन्यात फारच कामं निघू लागली. कधी खत, कधी पिशव्या, कधी नुसतंच 'एक काम हाय'. सुमेधा शेजारच्या सीटवर पर्स ठेवून जागा धरू लागली. तो खिशातून मोसंबी काढायचा, सालीचा तुषार तिच्या मनगटावर उडायचा. कंडक्टर कचरूमामा तिकीट फाडता फाडता म्हणत, "पर्सचं पण तिकीट काढत जा पोरी, रोज बसून येती ती!"

मग निकाल आला. शंभरातले शहाण्णव तुकडे मोसंबीवर चपखल बसले होते. अहवाल लिहायचीही वाट न बघता तिने फोन लावला.

"जय भीम मॅडम, बोला."

"बरोबर आहे तुमचं झाड! अस्सल मोसंबी!"

पलीकडून नुसतं हसू आलं.

दोन दिवसांनी अहवाल लिहिताना तिची नजर त्या उरलेल्या चारांवर अडली. एरवी एखादाच उरतो. चार का? बिचारे, तिला आठवलं. तिने ती फाइल उघडली आणि तुकड्यांचा धनी शोधणारं दुसरं सॉफ्टवेअर चालू केलं.

पडद्यावर एका जिवाणूचं नाव आलं. ग्रीनिंग रोगाचा जिवाणू. मोसंबीचा हा रोग वर्ष-वर्ष पानावर दिसत नाही, मग झाड हळूहळू वाळत जातं. त्याला औषध नाही. आणि आजारी झाडाच्या डोळ्यातून तो रोपात उतरतो. तीन हजार रोपांत.

उरलेली पानं तिने दुसऱ्या पद्धतीने तपासली. तेच उत्तर.

त्याने विचारलं होतं ते जातीचं. तेवढंच लिहिलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं, आणि त्याचं हसूही टिकलं असतं. सुमेधाने जातीच्या ओळीखाली ग्रीनिंगही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अंबडच्या स्टँडवर तिने त्याला सगळं सांगितलं.

"पण तुम्हीच म्हणाल्या ना, बराबर हाय?" त्याचा आवाज चिरकला. "त्या बोलावर अडीचशे रोपं देऊन बसलो मी लोकांना!"

"घाई माझी झाली. उरलेलं न बघताच बोलले मी. चूक माझी आहे. पण ती रोपं शेतात राहिली तर रोग आजूबाजूच्या बागांतही पसरेल..."

त्याने हातातली मोसंबी बाकावर ठेवली. "येतो, मॅडम."

मॅडम. त्या एका शब्दाने किती लांब नेऊन ठेवलं तिला!

अठरा दिवस तो आला नाही. पर्स रोज शेजारी बसून जात होती. कचरूमामाही आता थट्टा करेनासे झाले.

एकोणिसाव्या दिवशी प्रयोगशाळेत एक पाकीट आलं. आत पानं होती, कागदात नीट गुंडाळलेली. आणि निळ्या शाईने लिहिलेल्या कागदाचे फाटके तुकडे. एकाच मजकुराच्या दोन प्रती, वेगवेगळ्या जागी फाडलेल्या. एकाचा शेवट दुसऱ्याच्या मधे, असं करत तिने ते टेबलावर लावले.

'अडीचशे रोपं घरोघर फिरून परत आणली. समदी तीन हजार मिळून जाळली. झाड बी तोडलं. बाबा दोन दिवस जेवले न्हाईत, मंग म्हणले, पोरीनं गाव वाचवलं. दुसऱ्या झाडाची पानं पाठवून राह्यलो. या बारीला आधी उरलेलं बघा.'

सगळं जुळलं. पण एक तुकडा तसाच राहिला. पिवळ्या कागदाचा, कुठेच न बसणारा. तिने तो उलटा केला.

'ताई म्हणवत न्हाई. मॅडम म्हणावं वाटत न्हाई. मंग काय म्हणू?'

संध्याकाळच्या बसमध्ये राजानंद दांडीला धरून उभा होता. तिच्या शेजारच्या सीटवर पर्स होती, म्हणून तो बसला नव्हता.

"निकाल लागला?" त्याने हळूच विचारलं.

"पानांचा आठ दिवसांनी. या वेळी घाई नाही करणार."

"आन्... उरलेल्याचा?"

तिने पर्स उचलून मांडीवर घेतली.

"सुमेधा," ती म्हणाली. "नुसतं सुमेधा म्हण."

तो बसला. मग खिशातून मोसंबी काढून त्याने तिच्यापुढे धरली.

"सुमेधा... सोलती का?"