माकडटोपी

धुक्यानं गाडी रखडली होती. सुहासिनीआत्या जबलपूर स्टेशनच्या बाकड्यावर शाल लपेटून बसल्या होत्या. एका हाताशी काठी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत गुळपोळ्या. पुण्याहून भाचा अनुपम, त्याची बायको मेघना आणि चार वर्षांची नात मिठू येणार होती. आत्यांनी लग्न केलं नाही, शिवणयंत्रावर आयुष्य काढलं, कोणाच्या बापाला भ्यायल्या नाहीत. पण या पोरीचं नाव निघालं की बाई लोण्यासारखी वितळायची.

गाडी आली. डब्यातून आधी मेघनाचा फोन उतरला, मग मेघना, मग पोरगी. डोकं उघडं, नाक लाल, ओठ निळे.

"काहून गं, टोपी नाही घातली हिला? गारठून मरंल ना लेकरू!"

"टोपीत चेहरा झाकतो, आत्या. लोकांना हिचे केस आवडतात."

लोक म्हणजे लाखांनी. पोरीचं जेवणं, रडणं, न्हाणं, सगळं मेघना फोनवर टाकायची आणि ते बघायचे. बारशाचंही तेच झालं. राशीचं नाव आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं आणि ते बाहेर फोडायचं नाही, ही या घरची रीत. ते नाव फुटलं की कोणीही हाक मारून पोर नेऊ शकतं. अनुपमला बहीण नाही, म्हणून तो मान सुहासिनीआत्यांचा. त्यांनी बाळाच्या कानाला ओठ लावून नाव सांगितलं. मेघनानं मात्र त्यांच्या पदराला आधीच इवलासा माईक अडकवून ठेवला होता. कुजबूज जगभर गेली. मग लोक त्याच नावानं पोरीला हाका मारायला लागले. कोणी लिहून, कोणी ओरडून, कोणी नक्कल करून. ते नाव इथं लिहायचं नाही.

"इतक्या तोंडांनी हाक मारली की कोणीतरी ओ देतंच," आत्या तेव्हा कडाडल्या होत्या. मेघना हसली होती.

आजही तिला घरी यायचं नव्हतं. असं धुकं पुण्यात मिळत नाही, आधी भेडाघाटच्या धबधब्यावर व्हिडिओ. अनुपमनं मित्राची गाडी मागून आणली. वाटेत ओमतीच्या बाजारात आत्यांनी ती हट्टानं थांबवली आणि मिठूला कडेवर घेऊन दुकानात शिरल्या. लाल लोकरीची माकडटोपी उचलली. दुकानदार एकदा टोपीकडे बघे, एकदा पोरीकडे.

"अम्माजी, बिटिया अभी तो ले गई. यही लाल वाली."

"अरे भैया, हम सीधे स्टेशन से आ रहे हैं!"

"अच्छा... फिर कोई और होगी." पण त्यानं मिठूवरची नजर काढली नाही.

"व्हिडिओत पाहिलं असेल हो," मेघना गाडीतून म्हणाली. आत्यांनी आपल्या हातानं टोपी घातली आणि हनुवटीखाली बंद बांधला.

गढा मागं पडला. आत्यांचं घर तिथंच, गल्लीच्या तोंडाशी, पण गाडी थांबली नाही. पुढं तर रस्ताही दिसेना. धुआँधार धबधब्याशी पोचले तेव्हा संगमरवराची दुकानं बंद होती. ओल्या दगडाचा वास होता. पाणी दिसत नव्हतं, नुसतं गरजत होतं, मोठं जनावर पोटातून गुरगुरावं तसं.

आत्या गाडीतून काठी टेकत उतरेपर्यंत मेघनानं खसकन पोरीची टोपी ओढली, सीटवरच्या आत्यांच्या पिशवीत कोंबली आणि पोरीला धुक्यात कठड्याजवळ उभी केली. मग हळूच म्हणाली, "आम्ही लपतो. तिला वाटू दे आई-बाबा हरवले. रडली की झालं."

"पोराला रडवून जगाला दाखवता? लाज विकून खाल्ली का?"

"आत्या, तू थोडी त्या दुकानामागं उभी राह्य ना," अनुपम नजर चुकवत म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

ते लपले. आत्या दातओठ खात आडोशाला गेल्या.

"आई?" धुक्यात मिठूचा आवाज आला. "आई... कुठंय?"

मग रडणं सुरू झालं. एक हुंदका कठड्याकडून आला.

आणि तोच हुंदका, तितकाच लांब, पायऱ्यांकडून.

आत्या धावत बाहेर आल्या. कठड्याशी मिठू उभी होती. उघड्या डोक्यानं. आणि पायऱ्यांवर मिठू उभी होती. लाल माकडटोपीत. तोच स्वेटर, तेच वाहतं नाक. मेघना आडोशातून बाहेर आली आणि तिच्या हातातला फोन दगडावर पडला.

आत्यांनी ते नाव घेतलं. कानातलं.

"ओ..." दोघींनी मागं वळून पाहिलं.

टोपीवाली पळत येऊन आत्यांच्या गुडघ्यांना बिलगली. "आत्याआजी, ती मला रोज बोलावते..."

उघड्या डोक्याची मेघनाकडे झेपावली. "आई! ती मी नाही! ती मी नाही!"

मेघनानं किंचाळून तिला झिडकारलं. ती सुटेना. केसांना लटकली, गळ्यात नखं रुतवली, मेघनाच्या मानेवरून रक्ताचे ओघळ आले. आत्यांचं डोकं मात्र थंड होतं. टोपी आपण बांधली, आपल्या हातानं. आणि जगानं पाहिलं ते हेच उघडं डोकं. ओ देऊन आलं ते हेच.

त्यांनी काठी घातली. एकदा, दोनदा. कवटीवर ओला आवाज झाला.

"आत्या! काय करून राहिली!" अनुपम ओरडला, पण जागचा हलला नाही.

आत्यांनी तिला मेघनापासून ओरबाडून काढलं. ती त्यांच्या मनगटाला कडकडून चावली. तिच्या डोक्यातून रक्त आत्यांच्या हातावर आलं, ऊनऊन. भुताचं रक्त ऊन असतं का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आत्यांनी तिला उचललं आणि कठड्यापलीकडे फेकलं.

"आत्याआ..." एवढंच ऐकू आलं. पुढचं पाण्यानं गिळलं.

पोलिसांत कोणी गेलं नाही. सांगणार काय? पोरगी तर मांडीवर बसली होती. परतीच्या वाटेवर ती एकदाही रडली नाही, की भूक लागली म्हणाली नाही.

गढ्याच्या घरी संध्याकाळी मेघना मानेला पट्टी बांधून भिंतीकडे बघत पडली होती. आतल्या खोलीत अनुपम लेकीचे कपडे बदलत होता. आत्या स्वयंपाकघरात आल्या. मनगट ठणकत होतं, बारीक दातांच्या खुणांतून अजून रक्त येत होतं. हळद दाबली. वरून बांधायला जुना रुमाल हवा होता, म्हणून त्यांनी पिशवी ओढली. गुळपोळ्यांच्या डब्याखाली हात घातला.

बोटांना लोकर लागली.

लाल. बंदाची गाठ त्यांनीच मारलेली, ओढताना अर्धवट सुटलेली. आत पोरीचे दोन लांब केस अडकले होते.

आत्या तिथंच फरशीवर बसल्या. टोपी हातातून सुटेना.

"आत्या..." आतून अनुपमचा आवाज आला, अगदी दबका. "जरा ये ना इकडं... हिची टोपी निघूनच नाही राहिली..."