भोंग्यातलं घरटं

"होडी! यंदाच्या सुट्टीत होडीच बनवायची!" बांबू गरजला.

"कोणाच्या मापाची?" वकिलाने लगेच उलटतपासणी सुरू केली. "तुझ्या मापाची केली तर लाकूड पुरणार नाही, आणि आमच्या मापाची केली तर तुझे पाय पाण्यात लोंबतील. मासे चावले तर आम्ही जबाबदार नाही!"

बांबू म्हणजे गल्लीतला सगळ्यांत उंच मुलगा. वकिलाने अजून शाळेतली आठवी ओलांडलेली नव्हती, पण वाद घालायला त्याला कोणताही विषय चाले. नदीवरच्या बंधाऱ्याखाली डोहाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर सगळे बसले होते. बांबूची धाकटी बहीण पिल्लू दोघांच्या मध्ये बसून शेंगदाणे खात होती. आणि एक पायरी खाली, गुडघ्यांवर हनुवटी टेकून, टकळी बसली होती.

टकळी हे नाव तिला का पडलं, हे नव्या माणसाला सांगूनही पटलं नसतं. एके काळी ती झोपेतही बोलायची! पण गेल्या वर्षी याच पायऱ्यांखालच्या डोहात तिचे बाबा वाहून गेले, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून दिवसाला मोजके शब्द निघत. नाव मात्र तेच राहिलं. दुसरं काही ठेवायला कोणाचा जीव धजला नाही.

तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसणारा, अगदी काटेकोर माणूस. सुट्टीच्या दिवशी मात्र गळ घेऊन इथे यायचे. बंधाऱ्याचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजतो, तो ऐकला की डोहातल्या माणसांनी पायऱ्या चढून वर यायचं, असा नियम होता. त्या दिवशी दरवाजे उघडले आणि बाबा खालीच होते.

"माशाच्या हावेपायी गेला. भोंगा ऐकूनही हलला नाही," असं अर्धं गाव म्हणे. उरलेलं अर्धं गाव म्हणे, "दरवाजे उघडणारा गेटवाला झोपला असणार. भोंगा वाजवलाच नसेल!"

टकळीचा विश्वास दुसऱ्या अर्ध्या गावावर होता. बाबा हावरट नव्हते! भोंगा वाजला असता तर ते आलेच असते! म्हणून शाळेतून घरी जाताना ती गेटवाल्याच्या खोलीच्या पत्र्यावर रोज एक खडा मारायची. आतून कधी कोणी ओरडत आलं नाही, त्याचा तिला आणखीनच राग यायचा.

"दादा," पिल्लू एकदम म्हणाली, "चिमणी भोंग्यात गेली."

पायऱ्यांच्या कडेला लोखंडी खांब होता आणि त्याच्या टोकावर डोहाकडे तोंड करून कर्ण्यासारखा भोंगा बसवलेला होता. चिमणी चोचीत काहीतरी घेऊन त्यात शिरली. आतून चिवचिवाट झाला.

"पिल्लं आहेत! त्यात काय एवढं?" बांबू म्हणाला.

"पण हा भोंगा रोज वाजतो ना? मग चिमणीने इथे घर कसं केलं? आपल्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी खिडकीतली चिमणी भुर्र उडते!"

वकील उठून खांबाखाली गेला आणि वर बघायला लागला. 

टकळीने मान वर केली. "तो वाजतच नाही," ती हळूच म्हणाली.

"असं कसं? दुपारी ऐकू येतो की गावात!"

"तो वरचा. गेटवाल्याच्या खोलीवरचा. एकाच बटणावर दोन भोंगे आहेत, बाबांनी सांगितलं होतं. इथे खाली पाण्याचा एवढा आवाज असतो, वरचा कुठला ऐकू येणार?" तिचे डोळे चमकायला लागले. "खालचा बंद होता! म्हणजे बाबांना ऐकूच गेलं नव्हतं!"

वर्षभरात ती एका दमात एवढं बोलली नव्हती.

"पुरावा लागेल," वकील म्हणाला. "उद्या चारला दरवाजे उघडतील, तेव्हा बघू. बांबूने वर खोलीपाशी थांबायचं. भोंगा वाजला की शर्ट काढून हलवायचा. आपण खांबाखाली कान लावून उभे राहू."

"शर्टच का? रुमाल हलवला तर?"

"तुझा रुमाल काळा आहे, तो दिसायचा नाही. शर्ट निदान मूळचा लाल आहे!"

दुसऱ्या दिवशी सगळे तीनच्या आतच आले. लांबच्या डोंगरांवर काळं आभाळ भरून आलं होतं, इथे मात्र लख्ख ऊन. बांबू वर गेला. खाली डोहालगतच्या दगडी फरशीवर गळवाल्यांची जत्रा भरलेली होती.

काय एकेकाची तऱ्हा! न्हावीकाकांनी दोरी हाताला गुंडाळून वर गाठ मारली होती, मासा हातचा जाऊ नये म्हणून. औषधांच्या दुकानवाले काका तर शेवाळलेल्या कडेवर चवड्यांवर उभे राहून पाण्यावर ओणवले होते आणि मागून एकाने त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं! ते टोक धरणाऱ्याचं सगळं लक्ष स्वतःच्या गळाकडे. या डोहात 'म्हातारबा' नावाचा एक प्रचंड मासा होता म्हणे. तो पकडायचं वेड प्रत्येकाला होतं. आजवर तो कोणालाच मिळाला नव्हता, पण मिशा मात्र प्रत्येकाने पाहिलेल्या!

"आला!" पिल्लू किंचाळली. "दादाचा शर्ट!"

वर, बंधाऱ्याच्या टोकाला, लाल शर्ट वेड्यासारखा हलत होता. खांबावरचा भोंगा मुका. चिमणी निवांत आत शिरली.

"अरे, पण चार कुठे वाजलेत?" वकील गोंधळला.

टकळीने डोंगरांवरच्या आभाळाकडे पाहिलं. वर पाऊस पडला की पाणी लवकर सोडतात. गेल्या वर्षीही आभाळ असंच होतं.

"काका! वर या! पाणी सुटतंय!" ती पायऱ्यांवरून ओरडली.

"चारला सुटतं, पोरी!" औषधवाले मान न वळवता म्हणाले.

"वर भोंगा झालाय! खरंच झालाय!" वकील ओरडला.

"ओरडू नका रे! मासा पळतो!" न्हावीकाका खेकसले. "गप्प बसायला काय घ्याल?"

दोघं कितीही ओरडले तरी एक माणूस हलेना. पिल्लू रडायला लागली. टकळीने क्षणभर त्या पाठमोऱ्या माणसांकडे पाहिलं. तिला बाबांची पाठ आठवली, असाच गळावर खिळलेला माणूस. मग तिने छाती भरून श्वास घेतला. जुनी टकळी, सगळ्या वर्गाला पुरून उरणारी टकळी, अशी काही ओरडली की डोह दणाणला.

"म्हातारबा लागलाऽऽ! वरच्या अंगाला म्हातारबा लागलाऽऽ! एकट्याला ओढवत नाहीये होऽऽ!"

झालं! काठ्या पडल्या, डबे लवंडले. "कोणाला लागला? कोणाला?" करत सगळे पायऱ्या चढत सुटले. औषधवाले तर अनवाणी. न्हावीकाकांना हाताची गाठ सुटेना. वकिलाने खाली धावत जाऊन त्यांच्याच पिशवीतली कात्री ओढली, दोरी कापली आणि त्यांना पाठीमागून ढकलतच वर काढलं.

शेवटचा माणूस वरच्या पायरीवर पोचला आणि खालून धडाडा आवाज आला. पांढरंशुभ्र पाणी फरशीवरून धावत गेलं. काठ्या, डबे, औषधवाल्यांच्या चपला, सगळं बघता बघता दिसेनासं झालं.

 मग धापा टाकत गेटवाले काका धावत आले, मागे उघडाबंब बांबू. काका जेमतेम चाळिशीचे असतील, पण वर्षभरात पार वाळून गेले होते. 

"सगळे आलात ना वर? मोजा रे, सगळे आलात ना?"

आणि तेव्हा औषधवाल्यांना कंठ फुटला. "भोंगा का नाही वाजवलास? परत झोपला होतास?"

"वाजवला! देवाशपथ वाजवला!"

"मी तिथेच होतो!" बांबू ओरडला. "काकांनी बटण दाबलं, मी डोळ्यांनी पाहिलं. खालचाच वाजत नाही. थांबा!"

आणि तो माकडासारखा खांबावर चढला. घरटं अलगद उचलून त्याने टोपीत ठेवलं, भोंग्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कोंबलेलं काहीतरी उपसून खाली टाकलं. ते टकळीच्या पायाशी पडलं.

लोकरीची बाही होती. मळलेली, भिजून वाळून कडक झालेली. पण मूळची पिवळी. मनगटाजवळ एक निळं बटण, लाल दोऱ्याने शिवलेलं.

टकळीने ती उचलली. ते बटण तिने स्वतः शिवलं होतं, तिसरीत असताना, निळा दोरा सापडला नाही म्हणून लाल दोऱ्याने. स्वेटर लहान झाल्यावर बाबांनी त्याच्या दोन्ही बाह्या कापून घेतल्या होत्या. एक गळाच्या जादा रिळाला घातली होती, ती अजूनही घरी खुंटीवर होती. दुसरी कुठे गेली, असं तिने कितीदा विचारलं होतं, आणि बाबा नुसते हसले होते.

"बघा!" औषधवाले म्हणाले. "यानेच कोंबली असणार! आवाजाने याची झोपमोड होते ना!"

"तरीच," मागून कोणीतरी म्हणालं. "गेल्या वर्षीचा जीवही याच्याच माथी!"

 गेटवाले काका पायरीवर मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं.

बाही कोणाची, हे वकिलाला ठाऊक नव्हतं. बांबूला नव्हतं. टकळी गप्प राहिली असती तर कोणाला कधीच कळलं नसतं. तिने बाही घट्ट धरली. बाबांना हावरट म्हणणारे आता काय काय म्हणतील, ते सगळं तिला आत्ताच ऐकू यायला लागलं. तिला वाटलं, बाही पाण्यात फेकून द्यावी आणि पळत सुटावं.

पण समोर काका रडत होते. वर्षभर तिने त्यांच्या पत्र्यावर खडे मारले होते.

"ही माझी बाही आहे," ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "माझ्या स्वेटरची. बाबांनी कापून घेतली होती. दुसरी आमच्या घरी आहे. हे काकांनी नाही केलं. माझ्या बाबांनी केलं."

न्हावीकाकांनी हाताला राहिलेला दोरीचा तुकडा हळूहळू सोडवला.

"त्याने एकट्याने नाही, बाळ," ते म्हणाले. "शिडी माझी होती. भोंगा वाजला की मासा तळाला जातो, म्हणून आम्ही सगळेच त्याच्या मागे लागलो होतो. तो म्हणाला, भोंगा कशाला हवा? पाणी चारला सुटतं, आणि माझं घड्याळ मिनिटभरही चुकत नाही." त्यांनी दोरीचा तुकडा मुठीत आवळला. "घड्याळ नाहीच चुकलं. पाणीच लवकर सुटलं. तो गेला आणि आम्हाला सांगायची लाज वाटली. बाही काढायलासुद्धा कोणी चढलं नाही. आणि मेल्यांनो, आपण परत तिथेच जाऊन बसलो!"

औषधवाल्यांनी मान खाली घातली. अनवाणी पायांनी ते मातीत रेघा ओढत राहिले.

टकळी गेटवाल्या काकांच्या शेजारी बसली. "तुमच्या पत्र्यावर खडे मी मारत होते," ती म्हणाली.

"ठाऊक होतं मला."

"मग रागावला का नाहीत?"

"मलाच वाटायचं, बटण नीट दाबलं गेलं नसेल," काका म्हणाले. "चौकशीला पाटबंधारे खात्याचे साहेब आले, वरचा भोंगा वाजवून बघितला आणि गेले. खाली येऊन ऐकावं, हे मलाही सुचलं नाही. सगळं वर्ष नुसता त्या बटणाकडे बघत बसलो."

घरी टकळीने बाही आईच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. आईने खुंटीवरचं रीळ काढलं आणि दोन्ही बाह्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग ती खूप रडली, टकळीही रडली.

"चुकले गं तुझे बाबा," आई म्हणाली. "समोर असते ना, तर मी खूप भांडले असते त्यांच्याशी. खूप भांडले असते."

पुढच्या आठवड्यात साहेब आले. भोंगा साफ झाला, खांबाला काटेरी तार लागली, फरशीकडे जायच्या वाटेवर कुलपाचं फाटक बसलं. टोपीतलं घरटं बांबूने शेजारच्या झाडावर खोक्यात बसवलं होतं, आणि चिमणीने फार आढेवेढे न घेता ते पत्करलं होतं. साहेबांनी चौघांना पुढे बोलावून शाबासकी दिली. "मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!" ते म्हणाले. न्हावीकाकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वकिलाला जन्मभर फुकट केस कापून द्यायचं कबूल केलं.

"जन्मभर म्हणजे कोणाच्या?" वकिलाने विचारलं, तेव्हा सगळे हसले.

मग साहेबांनी हात वर केला, आणि वर खोलीत गेटवाल्या काकांनी बटण दाबलं.

भोंगा वाजला! पिल्लूने कान झाकले, साहेबांनी झाकले, बांबू तर दोन पायऱ्या मागे सरला. खालच्या पाण्याचा आवाज कुठल्या कुठे बुडून गेला. टकळी मात्र आईचा हात धरून, कान उघडे ठेवून, तो थांबेपर्यंत ऐकत राहिली.

"केवढा मोठा आहे, आई!" ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "हा ऐकला असता तर बाबा वर आले असते ना?"

"धावत आले असते," आई म्हणाली.