हैदराबाद ते हिंगणघाट, आभाळातून

"पहिला नंबर, पुलगावचे योगेंद्र!"

शर्यत भरवणाऱ्या मनोहररावांच्या ट्रक ऑफिसात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि निकेशचं तोंड एवढंसं झालं. हैदराबादहून घरी परतायच्या शर्यतीत त्याची कबुतरी, चंद्री, हरली होती! "या दिवाळीत हरली तर सगळी कबुतरं विकून टाकीन," असं त्याच्या बाबांनी, तानबांनी, ठणकावून सांगितलं होतं. ते मागंच उभे होते.

निकेशची मैत्रीण मयुरी मात्र निकालाच्या फळ्याकडं टक लावून बघत होती. प्रत्येक कबुतराचं घर वेगळ्या गावी, म्हणून ज्याचा वेग जास्त ते पहिलं. दोन्ही कबुतरं सकाळी सहाला एकदमच सुटली. चंद्री अकरा त्रेपन्नला हिंगणघाटात उतरली, योगेंद्रचं कबुतर बारा पंचवीसला पुलगावात. अंतरं लिहिली होती ४२५ आणि ५०० किलोमीटर.

"आचल, वरचे पंचाहत्तर किलोमीटर बत्तीस मिनिटांत? त्याच्या पोटाले इंजिन होतं का!" मयुरी शेजारच्या मैत्रिणीला म्हणाली.

"रॉकेट असन!" आचल खिदळली.

मयुरीनं धीर केला. "काका, हे अंतर कुठून काढलं जी?"

"कुठून म्हणजे?" मनोहरराव मिशीत हसले. "माझे ट्रक रोज जाते हैदराबादले! एकेक दगड पाठ हाये. पुलगावले वर्ध्यावरून वळून जा लागते."

"पण काका, कबुतर ट्रकमधी बसून नाई आलं!"

मयुरीनं टेबलावरच्या बक्षिसाच्या पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडला आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या नकाशावर हैदराबादपासून हिंगणघाटापर्यंत सरळ ताणून धरला. मग नकाशाच्या कोपऱ्यातल्या मापपट्टीवर ठेवला. तीनशे त्रेपन्न! पुलगावचं भरलं तीनशे सत्तर. आचलनं खडू उचलून भराभर भागाकार केला. चंद्रीचा वेग तासाला साठ, पुलगावच्या कबुतराचा अठ्ठावन्नाच्याही आत!

"चंद्री पहिली!" निकेश ओरडलाच.

साडेतीनशे किलोमीटर! वाटेत ना पाटी, ना कुणाला विचारायची सोय. तरी ती मूठभर जिवाची कबुतरी नेमकी आपल्याच छपरावर उतरली होती. मयुरीला तिचं इतकं कौतुक वाटलं की डोळेच भरून आले.

योगेंद्रनं पेढ्यांचा पुडा हसत निकेशपुढं केला. "घे गड्या, तुयाच हाये हा."

"तीस वर्षं ट्रक चालवून राह्यलो," मनोहररावांनी कपाळावर हात मारला, "अन् हे साधं ध्यानात नाई आलं! शाबास पोरी! पुढच्या शर्यतीची अंतरं तूच मोजजो."

निकेश मात्र बाबांकडं बघत होता. आता काय म्हणतात?

तानबांनी निकेशच्या हातातल्या टोपलीतून चंद्रीला अलगद ओंजळीत घेतलं. "इतकी उडून आली, अन् तिले सकाळपासून नुसते चार दाणे?" ते निकेशवर खेकसले. "चाल घरी! बाजारातून ज्वारी मी आणतो."