भिंतीकडे तोंड करून

कंप्युटरच्या दुकानातल्या फळीवर फायरवॉलचा एकच डबा उरला होता. तिने तो उचलला, आणि पलीकडून घरोघरी नेट जोडून देणाऱ्या एका तंत्रज्ञानेही धरला.

"सोडा. आधी मी बघितला," ती म्हणाली.

"बघितला तुम्ही, धरला मी," तो हसला. "हवाय कशाला?"

"घरच्या नेटवर्कला फायरवॉल नको? मी घरी बसून इमारतींचे नकाशे काढते. गेल्या महिन्यात कुणीतरी कंप्युटरात घुसून सगळे नकाशे पळवले."

त्याने हात काढला. "मग न्या. पण जोडायला मीच येणार."

"हा काय हट्ट?"

"हट्ट नाही... अट."

अस्सा आगाऊ! पण घरी पोचेपर्यंत तिला हसू आवरलं नाही, हेही खरंच.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा टेबलावर दुप्पट मोठा डबा ठाण मांडून बसला होता. तिच्या थोरल्या भावाने आणलेला.

"हाच बसव," दादा म्हणाला. "ही दिवसभर काय उघडते, कुणाशी बोलते, त्याची यादी रोज माझ्या फोनवर आली पाहिजे. बाबा गेल्यापासून हिची जबाबदारी माझ्यावर आहे."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "नकाशे चोरले कुणी आणि पाळत माझ्यावर? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

तंत्रज्ञाने दोन्ही डबे उलटेपालटे करून पाहिले. "बाहेरच्या चोराला दोन्ही सारखेच अडवतात. कुठला बसवायचा, ते कनेक्शन ज्याच्या नावावर, त्यानं ठरवायचं."

"माझ्या नावावर आहे. छोटा बसवा."

त्याने वायरी जोडल्या, कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गिऱ्हाईक पासवर्ड टाकतंय तोवर पाठ फिरवायची, ही त्याची सवयच होती.

"वळून बघ आणि मला सांग," दादा गुरकावला. "नाहीतर माझ्या ऑफिसातलं वीस कंप्युटरांचं काम दुसऱ्याला देईन."

तंत्रज्ञाच्या मानेवर घाम आलेला तिला दिसला. वीस कंप्युटर म्हणजे थोडंथोडकं काम नव्हे.

"द्या," तो भिंतीलाच म्हणाला. वळला मात्र नाही.

ती खुर्ची मागे ढकलून उठली. "दादा, धमकी द्यायची तर मला दे, त्याच्या पोटावर पाय कशाला? काम माझं, कनेक्शन माझं, आणि उद्या कुणी आवडलं तर तेही मीच ठरवणार. काळजी खुशाल कर. पाळत ठेवू देणार नाही!"

दादाने मोठा डबा काखेत मारला. आत जाऊन त्याने दार आपटलं. क्षणभराने आतून आवाज आला, "याचं खोकं कुठं टाकलंत? परत करायचाय!"

तिने बसून पासवर्ड पुरा केला.

"झालं?" तो अजून भिंतीकडेच बघत होता.

"झालं. वळा आता."

तो वळला. कान लाल झाले होते.

"पासवर्ड तुम्हालाही सांगणार नाही हं... कधीच."

"मी कुठं विचारला?"

"म्हणून तर—" ती अडखळली. मग अडखळायचं कशाला, असं स्वतःलाच दटावून म्हणाली, "म्हणून तर आवडलात तुम्ही मला. उद्या पाच वाजता दुकानाबाहेर थांबा. दादाला सांगूनच येईन."