वर सोडलेली चार बोटं

यानात माणसं सात आणि जीवनौकेत (संकटात सुटून यायच्या छोट्या यानात) खुर्च्या तीन! असलं यान बांधतं तरी कोण? काल भुताटकीचा अवकाशपट बघताना शाल्मलीला हे कोडं पडलं, तेव्हा ती खो खो हसली होती.

आज दुपारी तिचं हसू पार पळालं. अवकाशस्थानकात आग लागली, जीवनौका सुटली, एवढाच निरोप आला होता. तिची आई, रेवती, त्या स्थानकाची कप्तान. आणि कालच्या सिनेमात खुर्ची कमी पडल्यावर मागे राहिली होती ती कप्तानच!

शाल्मली धावत आबांच्या कारखान्यात गेली. आबा म्हणजे आईचे वडील. अवकाशवीरांच्या खुर्च्या तेच घडवायचे.

"आबा, जीवनौकेत खुर्च्या किती?"

"वर माणसं किती?"

"चार."

"मग खुर्च्याही चार. आधी पान मांडायचं, मग पाहुणा बोलवायचा. खुर्ची तयार नसेल तर माणूस वर जातच नाही. तुझ्या सिनेमावाल्यांना साधी पंगतीची रीत ठाऊक नाही!"

"पण घाईत आईच्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलं तर?"

आबांनी भिंतीवरून एक पांढरा साचा उतरवला. "हात फिरव. ही तुझ्या आईची पाठ."

प्लास्टरमध्ये आईच्या खांद्यांचे खळगे होते, कमरेचा बाक होता. शाल्मलीला एकदम रडू आलं.

"पॅराशूट असलं तरी उतरताना दणका बसतोच," आबा म्हणाले. "फळीवर आपटलीस तर जिथे हाड टेकतं तिथेच सगळा मार लागतो. ओल्या वाळूत पडलीस तर वाळू सगळीकडून टेकते, मार वाटला जातो. म्हणून ज्याच्या त्याच्या पाठीची खुर्ची. दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं तर मणका मोडायचा. सिनेमात मिळेल त्या खुर्चीत बसतात आणि हसत उतरतात, ते सगळं खोटं."

"मग डोक्याच्या वर ही जागा रिकामी का?"

"वर गेल्यावर वजन जाणवत नाही. मणक्यांमधल्या गाद्या दबत नाहीत, फुगतात. माणूस उंच होतो. म्हणून चार बोटं सोडली. सात महिने झाले तिला जाऊन. चार पुरतील, असं मीच म्हटलं होतं गं."

ते साच्यातली ती रिकामी जागा पुन्हा पुन्हा बोटांनी मोजू लागले. आबासुद्धा घाबरलेत, हे शाल्मलीला तेव्हा कळलं. तिने त्यांचा हात घट्ट धरला आणि दोघं साच्याजवळ बसून राहिली.

पावणेचारला भिंतीवरचा संपर्काचा पडदा उजळला. आई स्ट्रेचरवर आडवी होती, चेहरा काळवंडलेला, पण डोळे उघडे.

"शमू, चौघंही उतरलो. सगळ्यांत शेवटी मी बसले, पण माझ्याच खुर्चीत. आबा, मी तीन बोटं वाढले होते. एक उरलं."

आबा लहान मुलासारखे रडले.

शाल्मली साच्यापाशी गेली, पाठ टेकवून उभी राहिली. आईचे खांदे तिला केवढे तरी मोठे होत होते.

"आबा, माझा साचा घ्याल तेव्हा पाच बोटं सोडा. मी अजून वाढतेय."

"आधी वाढ तर, वेडाबाई," आबा डोळे पुसत म्हणाले. "पण सोडीन. पाच सोडीन."